शेजाऱ्याचे कुत्रे

नीतिशास्त्रावरील ग्रंथ चाळले तर त्यांतील उदाहरणे बहुधा मोठ्या प्रसंगांची असतात. बुडत्या जहाजावरील एकुलती एक फळी कोणी घ्यावी, शरण आलेल्याचा ठावठिकाणा मारेकऱ्यास सांगावा की खोटे बोलून त्याचा जीव वाचवावा, धर्मासाठी राज्यावर पाणी सोडावे किंवा कसे, अशा प्रश्नांचा तेथे ऊहापोह आढळतो. या प्रसंगांनी विचाराला धार येते यात शंका नाही. परंतु शंभरांतील नव्याण्णव माणसांवर ते जन्मात एकदाही येत नाहीत. ज्या प्रसंगांनी आपला संयम, न्यायबुद्धी आणि धैर्य ही रोजच्या रोज कसास लागतात ते इतके बारीक असतात की त्यांना नैतिक प्रश्न म्हणावयाची आपल्याला लाज वाटते. शेजाऱ्याचे कुत्रे सकाळी आपल्या बागेत येऊन घाण करून जाते, हा अशांपैकी एक प्रसंग होय.

हे वाचून कित्येकांना हसू येईल. परंतु आपल्या ओळखीच्या घरांकडे नीट पाहावे. वीस-पंचवीस वर्षे ज्यांच्यामध्ये दिवाळीच्या फराळाची ताटे गेली-आली, संक्रांतीचा तिळगूळ ज्यांनी एकमेकांच्या हातावर ठेवला, अशी दोन कुटुंबे एकाएकी बोलेनाशी होतात; आणि कारण शोधू गेले तर ते पाण्याचा पंप, गाडी उभी करण्याची जागा किंवा कुत्रे असल्याचे आढळते. क्षुल्लक कारणावरून माणसे वैर धरतात असे आपण म्हणतो, ते अर्धेच खरे आहे. कारण क्षुल्लक असते; पण त्याच्या पोटात ‘हा मनुष्य मला मोजतो की नाही’ हा प्रश्न दडलेला असतो, आणि तो मुळीच क्षुल्लक नसतो. म्हणून या विषयाचा थोडा शांतपणे विचार करावा असे योजले आहे.

बाग हा शब्द आमच्या नारायण पेठेत जरा सढळपणे वापरावा लागतो. पत्र्या मारुतीपासून मोदी गणपतीपर्यंतच्या गल्ल्यांतून हिंडणाऱ्यास हिरवळीचे विस्तीर्ण पटांगण कोठेही आढळावयाचे नाही. एखाद्या उरलेल्या वाड्याच्या परसातला प्राजक्त, नव्या इमारतीच्या भिंतीलगत सोडलेली चार हात रुंदीची मातीची पट्टी, तीत एक जास्वंद, एक कण्हेर, गवती चहाचे बेट आणि तुळस, एवढ्यालाच येथे बाग म्हणतात. जागा जितकी लहान तितका तिच्यावरचा जीव मोठा. पहाटे पूजेची फुले काढावयास गेलेल्या गृहिणीचा पाय तेथे नको त्या गोष्टीत पडला म्हणजे तिला काय वाटत असेल हे सांगावयास नको. आणि ते रोज घडू लागले म्हणजे त्या घरात काय बोलले जात असेल तेही सांगावयास नको.

हा प्रश्न आमच्या आजोबांपुढे या स्वरूपात कधीच आला नाही. कुत्री त्या वेळीही होती. परंतु सोवळ्या-ओवळ्याच्या व्यवस्थेत कुत्र्यास उंबऱ्याच्या आत जागा नव्हती. मनुस्मृतीने कुत्री आणि गाढवे हे चांडाळांचे धन ठरवून टाकले होते. उलट त्याच परंपरेत वैश्वदेवाच्या वेळी कुत्र्यासाठी अन्नाचा भाग बाहेर काढून ठेवण्याची आज्ञाही होती. म्हणजे कुत्र्यास घास मिळावा पण घर मिळू नये, अशी ती तडजोड होती. कुत्रे गल्लीचे असे; सर्वांचे म्हणून कोणाचेच नसे. त्याने केलेली घाण ही पावसाने केलेल्या चिखलासारखी मानली जाई. चिखलाबद्दल कोणी कोणावर रागावत नाही.

पुढे वाडेच गेले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, त्यापाठोपाठ खडकवासल्याचेही तुटले आणि मुठेच्या लोंढ्याने नदीकाठच्या पेठांतील कित्येक वाडे भुईसपाट केले. त्या पुरातून जे वाचले त्यांतील बरेचसे पुढील काही दशकांत एकेक करून पाडले गेले व त्यांच्या जागी इमारती उठल्या. वाड्यात चौक, विहीर व दिंडीदरवाजा ही सर्वांची असत. भांडणे तेथेही पुष्कळ होत. पण ती तोंडावर होत, कारण तोंड चुकवावयास जागाच नसे. इमारतीत प्रत्येकास स्वतःचे दार आणि स्वतःची घंटा मिळाली. आणि या दाराच्या आत कुत्रे हे घरातले माणूस म्हणून प्रथमच आले.

हा बदल वाईट झाला असे मुळीच म्हणता येणार नाही. स्पर्शास्पर्शाची एक भिंत त्याबरोबर पडली. शिवाय आमच्या पेठांत आज अशी घरे थोडी नाहीत की जेथील मुले परदेशी स्थायिक झाली आहेत आणि सत्तरी ओलांडलेल्या आईबापांच्या सोबतीला एक कुत्रे तेवढे आहे. ते कुत्रे दारावरील घंटेला ओ देते, औषधाच्या वेळी पायाशी येऊन बसते, आणि त्याच्यासाठी म्हणून का होईना, म्हाताऱ्या माणसाला दिवसातून दोनदा घराबाहेर पडावे लागते. अशा प्राण्याविषयी तुच्छतेने बोलणे हे मनुष्याविषयीच तुच्छतेने बोलणे होय. परंतु या नव्या नात्याबरोबर एक विषमताही आली. कुत्र्याच्या प्रेमाचा सगळा भाग दाराच्या आत राहिला, आणि त्याच्या घाणीचा भाग दाराबाहेर, पुष्कळ वेळा दुसऱ्याच्या दारी, पाठविण्यात येऊ लागला. तंटा उत्पन्न होतो तो येथे.

गाईच्या शेणाचे खत होते, मग कुत्र्याच्या विष्ठेने झाडांचे असे काय बिघडते, असा एक युक्तिवाद कधी कधी ऐकू येतो. तो टिकत नाही. गाय गवत खाणारी; कुत्र्याचा आहार मांसाचा किंवा मिश्र, आणि त्याच्या आतड्यांतील काही जंत मनुष्यासही बाधतात. टॉक्सोकॅरा नावाच्या जंताची अंडी विष्ठेवाटे मातीत पडतात, काही आठवड्यांत रोग उत्पन्न करण्यास समर्थ होतात आणि पुढे कित्येक महिने तशीच टिकतात. मातीत खेळणाऱ्या मुलाच्या बोटांवाटे ती पोटात गेली तर यकृतास, व क्वचित डोळ्यासही, इजा पोचते. अंकुशकृमींच्या अळ्या अनवाणी पायाच्या कातडीतून शिरतात. मूत्रातील युरिया एकाच जागी वारंवार पडला म्हणजे कोवळी रोपे जळतात. ज्या घरी कुत्र्यास वेळच्या वेळी जंतांचे औषध दिले जाते तेथे जंतांचा धोका पुष्कळ कमी असतो, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. तात्पर्य, तक्रार करणारा मनुष्य केवळ सोवळेपणाने नाक मुरडीत असतो असे समजण्याचे कारण नाही.

मग कायदा काय म्हणतो? जनावराने दुसऱ्याच्या जागेत शिरण्याचा विचार कायद्याने फार पूर्वीच केला आहे. गुरांच्या अतिक्रमणासंबंधीच्या १८७१ च्या कायद्याने कोंडवाड्यांची व्यवस्था लावून दिली. त्यातील गुरांच्या व्याख्येत हत्ती, उंट, घोडे, गाढवे, डुकरे, शेळ्या-मेंढ्या यांची नावे आहेत, कुत्र्याचे नाही. इंग्लंडच्या जुन्या रूढ कायद्यातही परक्या शेतात शिरलेल्या बैलाबद्दल मालकावर दावा चाले, नुसत्या शिरलेल्या कुत्र्याबद्दल चालत नसे. कुत्र्याच्या येण्याजाण्याने विशेष नुकसान होत नाही अशी समजूत त्याच्या मुळाशी होती. १८६० च्या भारतीय दंडसंहितेचे २८९ वे कलम, आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेचे २९१ वे कलम, जनावराच्या बाबतीत हयगय करणाऱ्यास शिक्षा सांगते. परंतु त्याचा रोख माणसाच्या जीवितास अथवा गंभीर दुखापतीचा जेथे संभव असेल तिकडे आहे. म्हणजे त्यात चाव्याचा विचार आहे, घाणीचा नाही. घाणीचा विचार अलीकडच्या नगरव्यवस्थेने केला. मुंबई महानगरपालिकेच्या २००६ च्या स्वच्छताविषयक उपविधींनी पाळीव जनावराने रस्त्यावर केलेली घाण उचलण्याचे कर्तव्य मालकावर टाकले. भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचनांत गृहसंस्थांनी कुत्री पाळण्यास बंदी करू नये असे एकीकडे सांगितले आहे, आणि मालकांनी आपल्या कुत्र्यामागची घाण स्वतः काढावी असे दुसरीकडे सुचविले आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे जो प्रश्न गाजला तो भटक्या कुत्र्यांचा होता. तेथे मालक नसतो, म्हणून तो प्रश्न निराळा. येथे मालक आहे, आणि तो भिंतीपलीकडेच राहतो.

या सर्व तरतुदींतून एक तत्त्व स्पष्ट होते. कुत्रे हे उत्तरदायी नसते. त्याचा पाळणारा उत्तरदायी असतो. एवढे सांगून कायदा थांबतो, आणि तो थांबतो हेच बरे. शेजाऱ्यावर दावा जिंकता येतो. पण जिंकलेल्या दाव्यानंतर तोच मनुष्य त्याच भिंतीपलीकडे राहावयाचा असतो. न्यायालयास निकाल देता येतो, शेजार परत देता येत नाही.

अशा प्रसंगी लोक सामान्यतः तीन मार्गांपैकी एखादा धरतात. तिन्ही मार्ग परस्परांहून अगदी भिन्न दिसतात, परंतु त्यांच्यात एक साम्य आहे. ते शेवटी सांगतो.

पहिला मार्ग मौनाचा. आपल्याकडे सहनशीलतेची थोरवी फार. एकनाथ महाराजांच्या अंगावर वारंवार थुंकणाऱ्या मनुष्याची, आणि न चिडता तितक्याच वेळा गोदावरीत स्नान करून येणाऱ्या नाथांची आख्यायिका ठाऊक नाही असे मराठी घर विरळा. शेजाऱ्याचे कुत्रे निमूटपणे सोसणाऱ्यास आपण नाथांच्या वाटेने चाललो आहो असे वाटू लागते. परंतु नाथांच्या शांतीत दोन गोष्टी होत्या त्या या मौनात नसतात. त्यांनी जे सोसले ते स्वतःच्या देहावर सोसले. घरातील रांगत्या मुलाच्या वतीने, किंवा रोज ती घाण उचलणाऱ्या मोलकरणीच्या वतीने सोसण्याचा अधिकार गृहस्थास कोणी दिलेला नाही. दुसरे असे की, नाथांच्या मनात डंख उरत नव्हता. आपण तोंडाने गप्प राहतो आणि मनातल्या वहीत रोज एक रक्कम मांडीत जातो. सहा महिन्यांनी, नळाच्या पाण्यासारख्या एखाद्या भलत्याच कारणावरून, ती वही व्याजासकट शेजाऱ्यापुढे उघडली जाते. तो बिचारा गोंधळून जातो; कारण आपल्या नावावर इतकी बाकी साठली आहे हे त्यास कोणी सांगितलेलेच नसते. अशा मौनास क्षमा म्हणणे हा शब्दाचा दुरुपयोग होय.

दुसरा मार्ग कुत्र्यावर सूड उगविण्याचा. कोणी दगड मारतो, कोणी काठी उगारतो, कोणी वरून कढत पाणी टाकतो, आणि विष घालण्यापर्यंत मजल गेल्याच्या गोष्टीही ऐकू येतात. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याने हे गुन्हे ठरविले आहेत, आणि १९७६ च्या घटनादुरुस्तीने प्राणिमात्रावर दया करणे हे नागरिकाच्या मूलभूत कर्तव्यांत घातले आहे. परंतु कायदा बाजूस ठेवला तरी या मार्गातील अन्याय उघड आहे. कुत्र्यास स्वतःची हद्द आणि परकी हद्द कळते. पण ती खरेदीखतावरून कळत नाही, वासावरून कळते. ज्या जागी त्याने काल खूण ठेवली ती जागा आज त्याच्या लेखी त्याचीच असते. दगड मारल्याने त्यास वेदना होते, बोध होत नाही. आणि ज्यास बोध होऊ शकला असता तो मालक त्या वेळी घरात चहा पीत असतो. बेंथॅमसारख्या उपयुक्ततावाद्याने १७८९ सालीच आपल्या ग्रंथात बजावले होते की प्राण्यांच्या बाबतीत विचारावयाचा प्रश्न त्यांच्या बुद्धीचा नसून त्यांच्या वेदनेचा आहे. ज्यास दुःख होते पण दोष लागत नाही, अशास शिक्षा करणे यापरता न्यायाचा विपर्यास कोणता?

तिसरा मार्ग खास आमच्या पेठांचा. तो म्हणजे पाटी. पुणेरी पाटीचा लौकिक आता दूरवर पसरला आहे आणि तिच्यातील विनोदाचे कौतुकही होते. ते अस्थानी नाही. थोडक्यात, अचूक आणि झोंबेल असे लिहिणे ही एक विद्याच आहे. परंतु शेजाऱ्याशी बोलण्याचे साधन म्हणून पाटीची योग्यता किती? पाटी सर्वांना उद्देशून असते, म्हणून ती कोणालाच उद्देशून नसते. ज्याच्यासाठी ती लिहिली तो एक तिच्याकडे काणाडोळा करतो, आणि ज्यांचा काही संबंध नाही असे दहा जण जाता-येता उगीच बोलणी खातात. शिवाय तिला उत्तर देता येत नाही. कुत्र्याचा मालक आजारी आहे, त्याची साखळी धरणारा नोकर नवा आहे, किंवा मुळात ते कुत्रे त्याचे नव्हेच, यांपैकी काहीही असले तरी ते पाटीस सांगावयाचे कसे? इमारतीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर सर्वांदेखत टाकलेला संदेश ही या पाटीचीच नवी आवृत्ती होय. फरक एवढाच की तिला रंग लावावा लागत नाही.

आता या तीन मार्गांतील साम्य ध्यानात येईल. मौन धरणारा, दगड मारणारा आणि पाटी लावणारा, तिघेही एक गोष्ट टाळतात: शेजाऱ्याच्या दारी जाऊन, त्याच्या डोळ्यांकडे पाहून, आपले म्हणणे त्यास सांगणे. तिघांनीही मनाशी एक निकाल देऊन टाकलेला असतो की या मनुष्याशी बोलण्यात अर्थ नाही. शेजाऱ्याच्या कुत्र्याने आपल्या बागेचा अपमान केला हे खरे. पण हा निकाल देताना आपण शेजाऱ्याच्या मनुष्यपणाचा अपमान करीत असतो, तो आपल्या लक्षात येत नाही.

महाभारताच्या आदिपर्वाच्या आरंभीच एका कुत्र्याची कथा आहे. स्वर्गाच्या वाटेवर युधिष्ठिराची सोबत करणाऱ्या कुत्र्याची कथा सर्वांस ठाऊक असते. ती ग्रंथाच्या शेवटाकडे येते. आरंभीची ही कथा त्या मानाने कोणी सांगत नाही. जनमेजय आपल्या भावांसह कुरुक्षेत्रावर दीर्घ सत्र करीत बसला असता देवांची कुत्री जी सरमा तिचे पिल्लू तेथे आले. जनमेजयाच्या भावांनी त्यास मारले. ते रडत आईकडे गेले. सरमेने त्यास जवळ घेतले. पण ‘तुझ्या हातून तेथे काही अपराध घडला असेल’ असे ती प्रथम त्यासच म्हणाली. आपण हविर्द्रव्याकडे पाहिलेही नाही व त्यास तोंडही लावले नाही, असे त्याने सांगितल्यावर मग ती सत्राच्या ठिकाणी गेली आणि माझ्या निरपराध मुलास का मारले असे तिने विचारले. त्यावर त्यांपैकी कोणीही काही बोलले नाही. तेव्हा तिने शाप दिला की, ज्याअर्थी तुम्ही निरपराधास मारले त्याअर्थी न दिसणारे भय तुमच्यावर येईल. तो शाप ऐकून जनमेजय अतिशय घाबरला, आणि सत्र संपल्यावर त्याच्या निवारणासाठी योग्य पुरोहित शोधीत फिरला.

या लहानशा कथेत आपल्या विषयाचे सर्व धर्मशास्त्र आले आहे असे मला वाटते. सरमेने जे केले ते प्रत्येक कुत्र्याच्या मालकाने करावे असे आहे: गाऱ्हाणे ऐकताच तिने दुसऱ्यावर धावून जाण्यापूर्वी स्वतःच्या लेकरास विचारले. नंतर तिने जे केले ते प्रत्येक गाऱ्हाणेवाल्याने करावे असे आहे: ज्यांनी केले त्यांच्याकडे ती स्वतः गेली आणि कारण विचारले. विचारण्यात तिने राजास कमी लेखले नाही. त्यास काही उत्तर असेल असे गृहीत धरले. शापाची वेळ आली ती उत्तर आले नाही तेव्हा. त्या राजपुत्रांनी ‘आमचे चुकले’ असे म्हटले असते, किंवा ‘आम्हास अशी शंका आली’ एवढे जरी सांगितले असते, तरी कथा तेथेच संपती. मारण्यापेक्षा न बोलणे त्यांस महाग पडले. आणि शापही कसा? न दिसणाऱ्या भयाचा. ज्या दोन घरांत गाऱ्हाणे सांगितले जात नाही किंवा सांगितल्यास उत्तर मिळत नाही, त्यांच्यामध्ये नेमके हेच भय नांदू लागते. जिन्यावर पाऊल वाजले की दार लोटून घ्यावे, गॅलरीत ते उभे असतील तर आपण आत यावे, असे ते भय असते.

तेव्हा तक्रार करणे हे शेजारधर्माविरुद्ध आहे ही समजूत आपण सोडून दिली पाहिजे. नीट केलेली तक्रार हा शेजाऱ्याचा सन्मान आहे. कारण तीत हा मनुष्य समजूतदार आहे, त्यास कारण सांगितले तर पटेल, आणि पटले तर तो वागणे बदलील, एवढा विश्वास गृहीत असतो. आपण भिंतीशी बोलत नाही, मांजराची समजूत घालीत नाही; ज्यास आपण आपल्या बरोबरीचा मानतो त्याच्याकडेच दाद मागतो. मात्र तक्रार नीट केली पाहिजे. पायाला घाण लागलेली असताना बोलू नये. दुपार जाऊ द्यावी. चार लोकांदेखत बोलू नये, कारण चार लोकांदेखत मनुष्य आपल्या कुत्र्याची बाजू घेत नसून अब्रूची बाजू घेत असतो. काय घडले तेवढे सांगावे. ‘तुम्ही लोक असेच’ हे वाक्य ओठांवर आले तरी गिळावे. आणि शेवटी एक निश्चित मागणी करावी: सकाळी कुत्रे साखळीवाचून सोडू नये, किंवा फाटकाची फट जाळीने बुजवू, खर्च निम्मा निम्मा. नुसत्या गाऱ्हाण्याला सहानुभूती मिळते, मागणीला उत्तर मिळते. पलीकडे एखादे थकलेले माणूस एकटे असेल, ज्याचे गुडघे वाकत नाहीत, तर त्याची अडचणही याच वेळी कळते. आणि पुष्कळदा तक्रार घेऊन गेलेला मनुष्य मदतीचा काही उपाय सुचवून परत येतो.

आता मालकाच्या बाजूचा विचार करू. ‘मुके जनावर आहे, त्याला काय कळते’ हे त्याचे नेहमीचे उत्तर. हे उत्तर खरे आहे, आणि खरे आहे म्हणूनच ते त्याच्या विरुद्ध जाते. जनावरास कळत नाही याचा अर्थ कळण्याची सगळी जबाबदारी त्यास पाळणाऱ्यावर येते. मिल्लने १८५९ च्या आपल्या स्वातंत्र्यावरील निबंधात व्यक्तीच्या स्वैर वर्तनाची मर्यादा दुसऱ्याच्या हानीपाशी आखली, आणि आमच्या महाविद्यालयांतून पिढ्यान्‌पिढ्या ती शिकविली गेली. कुत्रे पाळावे की न पाळावे, त्याला गादीवर निजवावे की चटईवर, हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न. भिंतीपलीकडे तो प्रश्न गेला की तो दोघांचा होतो. घरातल्या मुलाने शेजाऱ्याची काच फोडली तर ‘मूल आहे’ असे म्हणून आपण थांबत नाही. काच भरून देतो.

परंतु या वादात एक तिसरा मनुष्य आहे, आणि त्याचे नाव दोघेही सहसा घेत नाहीत. ती घाण अखेर उचलतो कोण? बागेचा धनी मोलकरणीस सांगतो. कुत्र्याचा धनी इमारतीच्या झाडूवाल्यास सांगतो, किंवा घाण रस्त्यावर पडली तर महापालिकेच्या कामगारावर सोडतो. २००८ साली पुणे महापालिकेशी करार होऊन ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था घरोघरचा कचरा गोळा करू लागली. तिच्यात स्त्रियांची संख्या मोठी आहे. वर्तमानपत्राच्या पुडीत गुंडाळून, काही न सांगता, ओल्या कचऱ्यात ढकलून दिलेली ही वस्तू त्यांच्या हाताशी येते. दोन सुशिक्षित गृहस्थ ज्या घाणीवरून स्वाभिमानाने भांडत असतात, तिला त्यांच्यापैकी कोणीही हात लावणार नसतो. हात तिसऱ्याचा, आणि तो तिसरा कोणत्या समाजात जन्मलेला असतो हे आपल्या देशात विचारावे लागत नाही.

१९३२ साली आप्पासाहेब पटवर्धन रत्नागिरीच्या तुरुंगात होते. मैला साफ करण्याचे काम ठराविक जातींच्या कैद्यांवरच लादले जाई; ते काम आपणासही द्यावे असा या ब्राह्मण सत्याग्रह्याचा आग्रह होता. सरकारने नाकारताच त्यांनी अन्नाचा सत्याग्रह केला, आणि त्या वर्षीच्या डिसेंबरात येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजींनी त्यांच्या पाठिंब्यासाठी उपोषण केले. आपल्याच शहराच्या या टोकाला घडलेली ही गोष्ट आहे. घाण ही ज्याची त्याने उचलावी, निदान ती उचलण्याचे काम जन्मावरून वाटले जाऊ नये, एवढ्यासाठी दोन माणसांनी प्राण पणास लावले. त्या मानाने आपल्याच लाडक्या कुत्र्यामागे एक कागद आणि एक लहानसे खोरे घेऊन जाणे हे फार मोठे तप नव्हे.

इतर देशांचा अनुभव येथे उपयोगी पडतो. पॅरिस शहराने १९८० नंतरच्या काही वर्षांत कुत्र्यांची घाण शोषून घेणाऱ्या खास मोटारसायकली रस्त्यांवर फिरविल्या. खर्च मोठा झाला, घाण आटोक्यात आली नाही, आणि २००४ साली ती योजना गुंडाळावी लागली. न्यूयॉर्कमध्ये याच्या उलट, १ ऑगस्ट १९७८ पासून कायद्याने ते काम मालकाच्याच हाती दिले. आरंभी लोकांनी त्याची थट्टा केली. पुढे ती रीत पडली आणि इतर शहरांनी तिचे अनुकरण केले. मागे साफ करणारा कोणीतरी आहे हे ठाऊक असले म्हणजे मनुष्य निर्धास्त होतो. स्वतः वाकावे लागले म्हणजे तो कुत्र्यास कोठे नेतो याचा विचार करू लागतो.

गाडगे महाराजांची (१८७६–१९५६) पद्धती या बाबतीत मनन करण्याजोगी आहे. ते गावात आले म्हणजे दिवसा हातात खराटा घेऊन गाव झाडीत, आणि रात्री कीर्तनात त्याच गावकऱ्यांना त्यांच्या घाणेरडेपणाबद्दल रोखठोक प्रश्न विचारीत. नुसता खराटा चालविला असता तर लोकांनी त्यांना फुकटचा झाडूवाला मानले असते. नुसते बोलले असते तर उपदेशक म्हणून विसरले असते. हात आणि तोंड दोन्ही चालले म्हणून लोकांना ऐकावे लागले. बागेच्या धन्याने एक दिवस ती घाण स्वतःच्या हाताने उचलावी, मोलकरणीस बोलावू नये, आणि मग शेजाऱ्याकडे जावे. त्याच्या बोलण्यात निराळेच वजन येईल, कारण आपण कशाबद्दल बोलतो आहोत हे त्याच्या हातास ठाऊक असेल.

एवढे करूनही शेजारी ऐकेनासा झाला तर? तशी माणसे असतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. दोनदा सांगावे, तिसऱ्या वेळी लेखी द्यावे, आणि मग गृहसंस्थेकडे किंवा महापालिकेकडे जावे. पण जाण्यापूर्वी ‘मी आता तेथे जाणार’ हे त्यास सांगून जावे. पाठीमागून केलेली खरी तक्रारही चहाडीसारखी दिसते, आणि तोंडावर सांगून केलेली तक्रार कितीही कडक असली तरी तिच्यात मैत्रीला परत येण्यापुरती वाट राहते. कुत्र्यावर मात्र कोणत्याही पायरीवर राग काढू नये.

हा सगळा खटाटोप चार हात मातीसाठी करावयाचा काय, असे कोणी विचारील. चार हात मातीसाठी तर करावयाचाच. परंतु त्याहून मोठ्या एका गोष्टीसाठीही करावयाचा आहे. मध्यरात्री घरात कोणाच्या छातीत दुखू लागले तर परदेशातील मुलगा येत नाही, महापालिका येत नाही आणि न्यायालयही येत नाही. भिंतीपलीकडचा मनुष्य येतो. त्याच्या दाराची घंटा त्या रात्री निःशंकपणे वाजविता यावी असे वाटत असेल, तर आज दुपारी, कुत्र्याच्या निमित्ताने, ती एकदा वाजवून ठेवावी.